वॉटरमार्क टाकू का भाऊ? एका स्टुडिओवाल्याचं सविस्तर उत्तर

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगावकडच्या एका पोराने विचारलं आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेत, त्याने दंडारीचा, इथल्या लोकनाट्याचा, एक फोटो काढला, कोपऱ्यात आपलं नाव टाकून फेसबुकवर चढवला. दोन दिवसांत तोच फोटो एका मोठ्या पेजवर दिसला. याचं नाव गायब आणि मधोमध त्या पेजचा शिक्का. आता त्याचा प्रश्न असा: "वॉटरमार्क टाकून उपयोग तरी आहे का भाऊ? टाकायचा तर कोणत्या ॲपने? आणि मोठा टाकला की फोटो खराब दिसते, त्याचं काय करू?"

उत्तर लांबेल. ॲप हा यातला सगळ्यात लहान भाग आहे.

आधी तुझा फोटो पाहू. फोटो चांगलाच आहे. हॅलोजनचा पिवळा उजेड, नाच्याची अर्धी गिरकी, पायाजवळ उडालेली धूळ, मागे मिट्ट काळोख. तुझं नाव कुठे आहे? उजव्या हाताला खाली, काळ्या भागावर, बारीक पांढऱ्या अक्षरांत. नेणाऱ्याने काय केलं? खालून बोटभर पट्टी कापली, बस. फोटोचं काहीच बिघडलं नाही. खरं सांगू का, तो रिकामा काळा भाग गेल्यामुळे चौकट जरा सुधारलीच. फोटोला जी जागा नकोच होती, तिथे तू नाव ठेवलं होतंस.

वॉटरमार्ककडून काय मागायचं, हे एकदा ठरवून घे. शेताच्या धुऱ्यावर दगड असतो. त्या दगडाने ढोर अडत नाही आणि रात्री चणा उपटून नेणाराही अडत नाही. पण वाद निघाला की तलाठ्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे तो दगड बघायलाच येतात. वॉटरमार्कही एवढंच करतो. फोटो पाहणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना चोरी करायचीच नसते. आवडला म्हणून ते पुढे ढकलतात. त्यांच्यासोबत तुझं नाव गावोगाव गेलं पाहिजे, हे त्याचं पहिलं काम. चोराला थोडी मेहनत पडावी, हे दुसरं.

हे काही मोबाइलसोबत आलेलं खूळ नाही. तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानोचे कागद बनवणारे ओल्या कागदातच आपली खूण उमटवायचे. पाचशेची नोट उजेडाकडे धरली की गांधीजी दिसतात, तोही वॉटरमार्कच. आमच्या वडिलांच्या स्टुडिओत लोखंडी चिमटा होता. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला की खालच्या कोपऱ्यात तो चिमटा दाबायचा, स्टुडिओचं नाव शाईशिवाय उठून यायचं. मागे रबरी शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर. निगेटिव्ह मात्र कधी कोणाला द्यायचे नाहीत. बटर पेपरच्या पाकिटात घालून कपाटात ठेवायचे. "शिक्का दिखाव्याले, निगेटिव्ह पुराव्याले," असं ते म्हणत. आज त्या निगेटिव्हच्या जागी तुझ्या कॅमेऱ्यातली मूळ फाईल आहे. तिच्यावर पुढे येतो.

आता खूण ठेवायची कुठे. तुझ्या दंडारीच्या फोटोत मी ती नाच्याच्या कमरेच्या शेल्याला लागून टाकली असती, थोडी शेल्यावर, थोडी मागच्या झिलकऱ्याच्या, म्हणजे साथ देणाऱ्या गायकाच्या, सदऱ्यावर. कापड, घड्या, रंग असा गजबजलेला भाग निवडायचा आणि अक्षरं दोन वस्तूंच्या कडेवरून न्यायची. मोकळं आभाळ, पाणी, भिंत, काळोख यावरचं नाव हल्ली फोनमधल्याच खोडरबराने एका बोटात पुसलं जातं, कारण तिथे मागे काय भरायचं हे फोनला सहज कळतं. घड्यांवरचं नाव पुसायला गेलं की कापड पाणी ओतल्यासारखं फरकटतं आणि चोरी उघडी पडते. पोळ्याच्या बैलाचा फोटो असेल तर झुलीच्या नक्षीवर टाक. कपाळावर, डोळ्यावर नको, माणसाच्या चेहऱ्यावर तर कधीच नको. बघणाऱ्याची नजर आधी जिथे जाते तिथून हातभर दूर, पण कापून टाकता येणार नाही इतकी आत, अशी जागा शोधायची. प्रत्येक फोटोत ती वेगळी निघते.

मोठा टाकला की खराब दिसतो, ही तक्रार खरी आहे. पण खराब दिसतो तो बहुतेक वेळा गडदपणामुळे, मोठेपणामुळे कमी. अपारदर्शकता शंभरावर ठेवून लहान नाव टाकण्यापेक्षा ती तीस ते चाळीस टक्क्यांवर आणून नाव थोडं मोठं कर. सोबत अगदी हलकी सावली दे, म्हणजे पांढऱ्या धोतरावरही वाचता येतं. अक्षराची उंची फोटोच्या लांब बाजूच्या दोन-अडीच टक्के पुरते. १६०० पिक्सेलच्या फोटोत ती साधारण ३२ ते ४० पिक्सेल होते.

मराठीत नाव टाकत असशील तर एक अडचण इंग्रजीवाल्यांना कळत नाही. आपल्या अक्षरांना वर-खाली मात्रा, वेलांट्या, अनुस्वार. बारीक किंवा फार वळणदार फॉन्ट घेतला की फोटो दाबला (कॉम्प्रेस) जाताना अनुस्वार आधी उडतो, मग उकार. 'चंदू'चा 'चद' होतो. जाड आणि मोकळा फॉन्ट घे. मुक्ता किंवा बालू हे दोन्ही फुकट मिळतात आणि लहान आकारातही वाचता येतात. फ्लेक्सवाल्याकडून लोगो बनवून घेणार असशील तर त्याला दोन गोष्टी सांग: फाईल पीएनजी दे आणि मागचा भाग पारदर्शक ठेव. नाहीतर तो जेपीजी देतो आणि प्रत्येक फोटोवर लोगोभोवती पांढरा डबा येतो. गावातल्या निम्म्या स्टुडिओंच्या फोटोंवर तो डबा आहे. वर्षानुवर्षे कोणाला खटकलेला नाही.

खुणेत लिहायचं काय? मी पूर्वी मोबाइल नंबर टाकायचो. मग सिम बदललं, आणि जुने हजारभर फोटो आजही लोकांना बंद नंबरवर पाठवतात. आता नुसतं नाव आणि तालुका. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ज्या नावाने सापडतोस तेच नाव, त्याच स्पेलिंगने. कोणी शोधलं तर थेट तुझ्यापर्यंत आलं पाहिजे. तारीख, घोषवाक्य, कॅमेऱ्याचं चित्र, गोल चौकट, काही नको. आणि फोन आपोआप कंपनीचं 'शॉट ऑन' टाकतो ते आधी सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. फोन घेताना पैसे आपण दिले, जाहिरातही आपणच करायची?

ॲपचं थोडक्यात. दोन-चार फोटो असतील तर स्नॅपसीडमधलं टेक्स्ट हत्यार पुरेसं आहे, त्यात पारदर्शकताही कमी-जास्त होते. लाइटरूमच्या मोबाइल ॲपमध्ये एक्स्पोर्ट करताना वॉटरमार्कचा पर्याय आहे, एकदा बसवला की दरवेळी लिहावं लागत नाही. कॉम्प्युटर असेल आणि मंडईचे दोनशे फोटो असतील तर फोटोशॉपमध्ये ॲक्शन बनवून बॅच चालव, म्हणजे एकदा केलेलं काम सगळ्या गठ्ठ्यावर आपोआप होतं, किंवा एक्सएनकन्व्हर्ट घे, घरगुती वापराला ते फुकट आहे. इथे नव्या पोरांचा हमखास घोळ होतो तो क्रमाचा. आधी फोटो लहान करायचा, मग खूण टाकायची. उलटं केलं तर कापलेल्या फोटोवर खूण भली मोठी आणि न कापलेल्यावर मुंगीएवढी येते, कारण प्रत्येक फोटोचे पिक्सेल वेगळे असतात. बॅचमधली खूण सगळीकडे एकाच जागी बसते. गठ्ठ्यातल्या साध्या फोटोंना चालेल. ज्या पाच-सहा फोटोंवर तुझा जीव आहे, ते हाताने कर.

हाताने करण्याला आणखी एक कारण आहे. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकच खूण, एकाच आकारात शेकडो फोटोंवर असेल तर ते सगळे फोटो समोर ठेवून संगणक ती खूण नेमकी ओळखतो आणि प्रत्येकावरून जवळपास साफ काढतो. मोठमोठ्या फोटो विकणाऱ्या संस्थांच्या खुणांवर त्यांनी हे करून पाहिलं. उपायही त्यांनीच सांगितला: प्रत्येक फोटोवर खुणेचा आकार किंचित वाकडा-तिकडा करा, मग काढल्यावर डाग राहतात. आपल्यामागे कोणी संगणक घेऊन लागलेलं नाही हे खरं. पण सवय चांगली. नाव कधी थोडं तिरपं, कधी कापडाच्या वळणाने किंचित वाकवलेलं, आणि दरवेळी जागा वेगळी.

फोटो लहान करण्याचं मी म्हटलं, ते वॉटरमार्कपेक्षाही कामाचं आहे. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, छापला तर वीस इंच लांब निघतो. तो तसाच्या तसा कुठे चढवलास तर कोणी फ्रेम करून विकेल. १६०० पिक्सेलचा फोटो तसाच छापला तर सव्वापाच इंचांच्या आसपास. फोनवर बघायला भरपूर, विकायला कमी. फक्त आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांना हे गणित लागू नाही. ते व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दहा फूट ताणून चौकात लावतात, नेत्याचं नाक फुटलं तरी चालतं.

जागा ठरवताना फोटो कुठे जाणार हेही बघ. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरच्या चौकटीत फोटोच्या कडा कापल्या जातात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला वर नाव आणि खाली मजकूर येतो, त्याखाली तुझी खूण झाकली जाते. म्हणून कडेपासून निदान आठव्या हिश्शाइतकं आत. आणि व्हॉट्सॲपवरून फोटो दहा ग्रुप फिरला की तो दरवेळी थोडा दाबला जातो. म्हणूनच जाड अक्षरं.

आता कपाटातल्या निगेटिव्हकडे. कॅनन, निकॉन दोन्हीच्या मेनूत कॉपीराइट माहिती भरायची जागा असते. तिथे नाव टाकून ठेव, ते प्रत्येक फाईलच्या पोटात जातं. फेसबुक-व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की ती माहिती बहुतेक निघून जाते, तेव्हा तिच्या भरवशावर वॉटरमार्क सोडू नकोस. पण तुझ्याकडच्या मूळ फाईलमध्ये ती राहते, आणि भांडण झालं तर मूळ फाईल फक्त तुझ्याकडे असते. शक्य असेल तर रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, काढ. ज्याने फोटो उचलला त्याच्याकडे रॉ नसणार, आणि त्या गिरकीच्या आधीचे-नंतरचे चार फोटोही नसणार. ते चार फोटो डिलीट करत जाऊ नकोस.

आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लाव. हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतो आहे. जुन्या कॅमेऱ्याची आतली बॅटरी संपली होती, घड्याळ शून्यावर गेलं होतं आणि मला पत्ता नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, एका नाटकाचे फोटो मी स्वतःहून, कोणाच्या सांगण्यावरून नाही, काढले होते. पुढच्या हंगामात त्यातला एक दुसऱ्याच एका मंडळाच्या पोस्टरवर. मूळ फाईल घेऊन गेलो. समोरचा हसला. फाईलवर तारीख होती नाटक लिहिलंही गेलं नव्हतं त्या वर्षातली, १ जानेवारी. शेवटी चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं.

मोबाइलने काढत असशील तर लोकेशन बंद. इथे चोरीपेक्षा मोठा धोका आहे. महाराष्ट्रातले उरलेले सारस मुख्यतः आपल्याच गोंदिया-भंडाऱ्याकडे आहेत आणि ते धानाच्या बांधीत, म्हणजे भातशेतातही घरटं करतात. घरट्याचा फोटो तू कौतुकाने व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलास, तर क्वालिटी टिकते तशी फोटो कुठे काढला ही पोटातली नोंदही जशीच्या तशी जाते. मग बांधीवर गर्दी. वाघाचंही तेच. अशा फोटोवर खूण टाकताना गावाचं नावही नको, जिल्हा पुरे.

लग्नाच्या फोटोंचं वेगळं आहे, आणि इथे बहुतेक फोटोग्राफर चुकतात. आपल्याला वाटतं, मी काढला म्हणजे माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता तो काढणाराच आहे. तू आपल्या मनाने मंडईत जाऊन काढलेला फोटो तुझा, नोंदणी न करताही तुझा. पण कलम १७ म्हणतं की कोणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे लग्नाच्या फोटोंचा हक्क पार्टीचा. फोटो मी काढला असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ ने तुझ्याकडे राहतो, पण त्यांना न विचारता नवरीचा फोटो जाहिरातीला लावायचा हक्क त्यातून येत नाही. हक्क ठेवायचा असेल तर बुकिंगच्या पावतीवर दोन ओळी छापून घे आणि त्याखाली सही घे.

सुरुवातीच्या दिवसांत मी अल्बमच्या प्रत्येक पानावर नाव-नंबर छापला होता. नवरीचे मोठे वडील अल्बम घेऊन दुकानात आले. आवाज न चढवता बोलले, "अजी भाऊ, आमच्या पोरीच्या हळदीवर तुमचा मोबाइल नंबर काहून जी? उद्या तिचे लेकरं पाह्यतील हे." उत्तर नव्हतं. पुन्हा छापून दिला, खर्च माझा. तेव्हापासून पद्धत अशी: निवडायला पाठवतो त्या फोटोंवर आडवी मोठी खूण, कारण पैसे बाकी असतात. अल्बमला आणि पेन ड्राइव्हवर जे जातं ते कोरं. अल्बमच्या शेवटच्या पानावर खाली लहानसं नाव. सोशल मीडियासाठी घरच्यांनी हो म्हटलेले आठ-दहा फोटो, त्यावर हलकी खूण.

वर्तमानपत्राला फोटो पाठवताना खूण नको. तो डॉक्युमेंट करून पाठव आणि सोबत 'छाया:' पुढे आपलं नाव लिहून दे. स्पर्धांचे नियमही नीट वाच, बहुतेक ठिकाणी खूण असलेला फोटो बाद होतो. आणि दुसऱ्याचा फोटो आवडला म्हणून त्यावर आपली खूण टाकू नकोस. तुला हे सांगावं लागत नाही, पण त्या पेजवाल्यानेही असंच कुठून तरी सुरू केलं असेल.

त्याचं काय करायचं ते आता. कायदा कडक आहे. हक्काचा भंग सिद्ध झाला तर कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ बी आलं. कर्त्याचं नाव वगैरे माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकणं हाच त्यात वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. नाव कापलं गेलं, याला त्यामुळे वजन आहे. पण एका फोटोसाठी कोर्टाची पायरी चढायला मी सांगणार नाही. आधी त्यांच्या पोस्टचा स्क्रीनशॉट घे, लिंक आणि तारीख दिसेल असा. मग पेजला साधा निरोप: हा फोटो माझा आहे, मूळ फाईल आणि त्याच्या मागचे-पुढचे फोटो माझ्याकडे आहेत, माझं नाव द्या किंवा पोस्ट काढा. शिवीगाळ नको, कमेंटमध्ये मित्रांची फौज नको. माझ्या अनुभवात बरेच जण इथेच नाव टाकतात, कारण पेज चालवणारा बहुतेक तुझ्याच वयाचा कुठला तरी पोरगा असतो. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर फेसबुकच्या कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भर. तो हक्काच्या मालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसानेच भरायचा असतो, आणि त्यात तुझ्या आधीच्या पोस्टची लिंक देता येते. म्हणून तुझी जुनी पोस्ट डिलीट करू नकोस, चिडून तर मुळीच नको.

तोवर मूळ फाईल आपल्याकडेच ठेव, तिची लहान केलेली कोरी प्रत मला डॉक्युमेंट म्हणून पाठव. शेल्यावर नाव कसं बसवायचं ते करून परत पाठवतो, पारदर्शकता किती ठेवली तेही सोबत लिहीन. आणि त्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ बघ.